सव्वीस जानेवारीची डीव्हीडी

कोरेगावात लालासाहेबांचं डीव्हीडीचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून आहे. मधे एकच भिंत, तीही पातळ. त्यांच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला की मला कळतं, आता हा माणूस दुपारपर्यंत जागचा हलणार नाही.

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मोबाइलच्या जमान्यात डीव्हीडी कोण घेतं, असं कुणी विचारलं की ते मिशीवरून हात फिरवून म्हणतात, “ज्याच्या घरात फौजी हाय, त्यो घेतो.” आणि ते खोटं नाही. सव्वीस जानेवारीला दिल्लीची परेड टीव्हीवर लागते, ती हे डिशच्या डब्याला पेनड्राइव्ह लावून अख्खी रेकॉर्ड करतात. ज्याचं पोरगं परेडमधे असेल त्याच्या घरच्यांना तेवढा भाग डिस्कवर काढून देतात. त्या आठवड्यात दुकानासमोर चपलांचा ढीग असतो.

पण या माणसाची एक खोड. फौजेत साधा सुट्टीचा अर्ज असला तरी तो आधी सेक्शनकडं, मग कंपनीकडं, मग बटालियनकडं जातो. सरळ वर गेलेला अर्ज लालासाहेबांनी जन्मात पाहिलेला नाही. व्हिडिओचंही त्यांनी तेच केलं होतं. रेकॉर्डिंग आधी एका लहान फाइलमधे बदलायचं, ती फाइल परत डीव्हीडीच्या जातीत बदलायची आणि मगच डिस्क. कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, ही फाइल डीव्हीडीला आहे तशी चालते, तरी बदलायची का? लालासाहेब दर वेळी ‘हो’ दाबायचे. काम नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. पडद्यावर टक्के चढायला लागले की खुशीत यायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, “चाळीस झालं. च्या घ्या.” गिऱ्हाइकालाही वाटायचं, आपलं काम किती मन लावून चाललंय!

त्या वर्षी वडूजजवळच्या एका खेड्यातल्या रंगुबाईंचा मुलगा जयराज परेडमधे होता. रंगुबाईंचे सासरे नाथाजी स्वतः जुने सुभेदार. नातू दिल्लीत चालणार म्हणून म्हातारा महिनाभर आधीच गावाला ऐकवत होता. पण नेमकं त्याच वेळी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्याला झालं आणि सव्वीस तारखेला डोळ्यावर पट्टी. परेड हुकली. मग पट्टी निघेपर्यंत लालासाहेबांनी नेहमीच्या थाटात, दोनदा बदलून, डिस्क तयार ठेवली आणि रंगुबाई ती घेऊन गेल्या.

आठच दिवसांत त्या ती डिस्क घेऊन परत आल्या. चेहरा उतरलेला.

“ह्यी ठेवून घ्या,” त्या म्हणाल्या. “मामंजींला बघवत न्हाई. कुणी बोट दाखवायचं न्हाई, माझा नातू मी वळखणार म्हणून बसलं. तीन येळा भलत्याच पोरावर बोट ठेवलं. तवापासनं भिताडाकडं तोंड करून पडल्यात. म्हणत्यात, डोळा गेला माझा. दुसऱ्या डोळ्याचं आपरेशन सोमवारी हाय, तर येतच न्हाई म्हणत्यात. आवं, त्या डोळ्यानं तर आधीच निम्मं दिसत न्हाई. आता काय करू मी?”

लालासाहेबांनी डिस्क मशीनमधे घातली आणि भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. जयराजला ते लहानपणापासून ओळखत होते. पडद्यावर तुकडी आली, कॅमेरा रांगेजवळ गेला, लालासाहेबांनी चित्र थांबवून ठामपणे बोट ठेवलं.

“त्यो न्हाई,” रंगुबाई म्हणाल्या.

“मग कंचा?”

रंगुबाई पुढं वाकल्या. बराच वेळ बघितलं. “मला बी कळंना,” त्या हळूच म्हणाल्या. “घरी बी कळलं न्हाई. मला वाटलं डोळ्यात पाणी हुतं म्हणून.”

मीही बघितलं. सगळ्या जवानांची तोंडं पिठात बुडवून काढल्यासारखी. मिशी कुठं आहे आणि सावली कुठं, पत्ता लागत नव्हता. लालासाहेबांनी घाईनं पेनड्राइव्ह लावला आणि टीव्हीवरून घेतलेलं मूळ रेकॉर्डिंग उघडलं. तीच रांग, तोच क्षण. रंगुबाई एकदम ओरडल्या, “ह्यो काय माझा जया!”

लालासाहेब मटकन खुर्चीत बसले. “म्हाताऱ्याचा डोळा ठणठणीत हाय गड्या,” ते मला म्हणाले. “दर बदलीला चित्र झिजलं. पोराचं तोंड मी पुसलं.”

मला त्यांचा रागच आला, आणि मी तो बोलूनही दाखवला. “अंगाला बसणारा शर्ट उसवून परत शिवता कशाला तुम्ही? तेही दोनदा!”

त्यांनी मूळ रेकॉर्डिंगमधला नको तो भाग फक्त कापून टाकला. कॉम्प्युटरनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि लालासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘नको’ दाबलं. चहा येईपर्यंत डिस्क बाहेर आली. ते ती उलटीपालटी करून बघत राहिले. एवढ्या लवकर झालेलं काम गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची त्यांना लाज वाटत होती.

डिस्क रंगुबाईंच्या हाती न देता ते स्वतःच निघाले. रंगुबाईंना एसटीनं पुढं पाठवलं आणि मलाही मोटरसायकलवर मागं बसवलं. नाथाजी खाटेवर खरंच भिंतीकडं तोंड करून पडले होते.

लालासाहेब सावधान उभे राहिले. “सुभेदारसाहेब, गलती माझ्या मशीनीची हाय. तुमच्या डोळ्याची न्हाई.”

“समजूत काढाय आलाईस व्हय रं?” म्हातारा तिकडूनच म्हणाला. “आता समद्यांनी मिळून मला सांगा, कितवा जयराज ते. मंग मी वळखल्यागत करतो.”

कितवा ते न सांगता रंगुबाईंनी डिस्क लावली आणि आवाज मोठा केला. बँड वाजायला लागला तसे म्हाताऱ्याचे पाय पांघरुणात हलले. मग मान वळली. मग ते उठून बसले. तुकडी आली, रांग जवळ आली आणि नाथाजी कडाडले, “थांबीव!”

चित्र थांबलं. म्हातारा उठून टीव्हीपाशी गेला. बोट बरोबर जयराजवर. पण ते तिथंच थांबले नाहीत.

“ह्याच्या हनवटीवर पट्टी कसली?”

आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो. हनुवटीच्या कडेला पांढरा, नखाएवढा ठिपका होता. दुकानात आम्ही तिघांनी बघितलं, पण आम्ही फक्त जयराज शोधला होता. ठिपका आईच्याही नजरेतून सुटला होता.

“कायतरी उजेड पडला आसंल,” रंगुबाई म्हणाल्या.

“उजेड? पट्टी हाय ती. लाव त्याला फोन.”

रंगुबाईंनी फोन लावून आवाज मोठा केला. जयराज आधी हसला, मग कबूल झाला. त्या पहाटे थंडीत घाईनं दाढी करताना कापलं होतं, रक्त थांबेना म्हणून पट्टी लावून तसाच उभा राहिला. “पर ह्ये मी कुणालाच बोललो न्हाई,” तो म्हणाला. “आज्जाला कुणी सांगितलं?”

नाथाजींनी सुनेच्या हातातून फोन ओढून घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र परेड मैदानावरचा.

“कुणी सांगाय कशाला पायजे? मी बघितलं! सोमवारी दुसरा डोळा करून येतो, मंग तुझ्या बुटाची पॉलिश बघतो.”