फोटोमागच्या झावळ्या

काल शेजारची रोझमावशी टोपली घेऊन दारात आली. राखेचा बुधवार जवळ आला की ती गेल्या वर्षी चर्चमधून मिळालेल्या, घरोघरी जपलेल्या जुन्या झावळ्या गोळा करून चर्चमध्ये देते. त्या जाळून केलेल्या राखेचा क्रूस त्या दिवशी सगळ्यांच्या कपाळावर लागतो.

आजारी बाबांसाठी धरलेली नऊ दिवसांची प्रार्थना संपली आणि त्याच संध्याकाळी बाबा गेले. तेव्हापासून मी चर्चची पायरी चढलेलो नाही. कुणी विचारलंच तर "सोडलं ते सगळं," असं तोडून सांगतो. तरी मावशी दर वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून झावळीचं एक पातं आणून देतेच, आणि मी ते बाबांच्या फोटोमागे खोचतो.

दर वर्षी तिची टोपली मी रिकामीच परत पाठवायचो; काल मात्र फोटो उतरवला तर मागे आठ पाती निघाली. वाळून कडक झालेली, पण एकही फेकलेलं नव्हतं.

"सोडलं म्हणतोस ना रे?" मावशी हसली.

मी बहुधा रुसून बसलो होतो, आणि रुसायला तरी समोर कुणीतरी लागतंच.

आठही पाती मी टोपलीत ठेवली. बुधवारी माझ्या घरची राख गावाच्या कपाळावर असेल. ती कशी दिसते, ते बघायला तरी जावं म्हणतो.