पहिल्या नंबरची गाडी

मी अमेरिकेला निघालो तेव्हा घरात टॅक्सी होती, बाप ड्रायव्हर होता, तरी मुंबईच्या विमानतळावर मला सोडायला शंकरकाकांची गाडी निघाली. महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर त्या सकाळी पहिला नंबर त्यांचा होता. आई म्हणाली, "आवं, पोरगं परदेशी चाललंय. आज तरी तुमी जावा की." आबा काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "नंबर त्याचा हाय. त्याच्याच गाडीनं जाईल." काकांनी पुढचं दार उघडून मला शेजारी बसवलं, वाटेत खायला मांडीवर स्ट्रॉबेरीची पेटी ठेवली आणि पनवेलपर्यंत अखंड बडबड केली. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलेलो, आणि काकांचा डावा कान पार गेलेला. मी काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

तो कान माझ्या बापानं फोडला होता.

मी तेव्हा अकरावीत होतो. मे महिन्याची गर्दी, एकेका गिऱ्हाइकावर चार ड्रायव्हर तुटून पडत होते. काकांनी आपला नंबर मारला असं आबांना वाटलं. मारला नव्हता, पण आबांना विचारायची सवय नव्हती. त्यांनी डिकीतून चाक खोलायची लोखंडी टामी काढली आणि स्टिअरिंगवर बसल्या बसल्या दार उघडून त्यांच्याकडं वळलेल्या काकांच्या डाव्या कानशिलात हाणली. हाडाचा आवाज मला समोरच्या चहाच्या टपरीत ऐकू आला. आबा दुसरा घाव घालायला वाकले तेव्हा काकांनी जिवाच्या आकांतानं दार ओढलं, आणि आबांची दोन बोटं त्यात सापडली. दोघंही गुरासारखे ओरडत होते. रस्त्यावरचं रक्त कुणाचं किती, ते सांगता येत नव्हतं.

पोलिसांत दोघांपैकी कुणी गेलं नाही. आबांनी माफी मागितल्याचंही कुणाच्या कानावर आलं नाही. पण काका बरे होऊन परत आले त्या दिवसापासून आबा उजाडायच्या आत स्टँडवर जाऊन पहिला नंबर लावायचे, आणि काकांची गाडी आली की आपली काढून रांगेच्या शेवटी न्यायचे. दहा वर्षं, एकही दिवस न चुकता. काका त्या जागेवर गाडी लावायचे आणि आबांकडं न बघता विडी पेटवायचे. आमच्याकडं याला समेट म्हणतात.

न्यू जर्सीत माझं काम दोन हजार साल येण्याआधी जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करण्याचं. माणूस म्हणून तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. अशात नेटवर लिहिणाऱ्यांची एक वसाहत सापडली. कुणीही लेख टाकावा, जितके लोक वाचतील त्या मानानं जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा लेखकाला मिळायचा. खरा कायदा मात्र एकच: तू माझं वाच, मी तुझं वाचतो. मी थंडीवर लिहिलं, कांदेपोह्यांवर लिहिलं. कुत्रं फिरकलं नाही. मग एका रविवारी चिडून आबांच्या वाकड्या बोटांवर लिहिलं. कुणीतरी गाडीचं दार आपटून ती मोडली, एवढंच लिहिलं. टामीचा उल्लेख टाळला. लेख लांबतोय, अशी मनाची समजूत घातली.

त्या लेखावर माणसं तुटून पडली. ओहायोतल्या एका बाईंनी लिहिलं की तुमच्या वडिलांसाठी मी रडले. मला ते लय गोड लागलं, खोटं कशाला सांगू? पैसे पिझ्झापुरतेही नव्हते, पण सकाळी उठल्यावर आधी वाचकांचा आकडा बघायचा, मग तोंड धुवायचं. आकडा उतरला की मी पुढचा लेख टाकायचो, आणि प्रत्येक लेखात आबांना जास्त मार बसायचा. दुसऱ्यात चार ड्रायव्हर आले. तिसऱ्यात आबा भर पावसात रक्ताच्या थारोळ्यात पडले आणि शंकर नावाचा गुंड त्यांच्या हातावर पाय देऊन हसला. नाव खरंच घातलं. इंग्रजीत लिहिलेलं आपल्या डोंगरात कोण वाचणार होतं?

कराडच्या कॉलेजातल्या माझ्या मित्रांनो, तुम्ही जिथं कुठं असाल तिथं हे वाचा, कारण ती लिंक मीच तुम्हाला पाठवली होती. "गड्यांनो, क्लिक करा, ज्युनियर पोरांनाही सांगा," असं लिहून. तुम्ही दोस्तीखातर सांगितलंत. त्या ज्युनियर पोरांत काकांची वैशाली होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझ्या लेखी ती अजून दोन वेण्या घालणारी पोर होती. तिनं नेट कॅफेत तिन्ही लेख छापून घेतले, घरी नेले आणि बापाच्या उजव्या कानाशी बसून एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं.

पुढचं आबांनी एसटीडी बूथवरून फोन करून सांगितलं. काका सकाळी स्टँडवर आले ते टामी घेऊनच. आबांच्या गाडीची पुढची काच फोडली, मग मागची, मग दिवे, मग पत्रा चेपेपर्यंत बॉनेट. आबा आत बसलेले. काचेचे तुकडे कपाळात घुसले तरी उतरले नाहीत. बाकीच्यांनी काकांना धरलं तेव्हा ते एकच ओरडत होते, "धा वरसं गप बसलो, त्याचं ह्ये फळ दिलंस व्हय रं?"

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? म्या हात उचलला न्हाई," आबा म्हणाले. "या खेपंला तू उचललास."

फोन ठेवला. मी त्याच दिवशी खरं काय ते लिहून टाकलं. वाचक थोडे, आणि तेही खवळलेले. तुझा बाप हिंस्र आणि तू खोटारडा, असं ओहायोच्या बाईंनी लिहिलं. दोन्ही बरोबर होतं. मी खातं बंद केलं. पण तिकडं काकांनी पहिला नंबर सोडला तो सोडलाच. आबा रोज गाडी मागं घ्यायचे, आणि ती जागा तशीच रिकामी राहायची.

मे महिन्यात साहेबाशी भांडून दहा दिवसांची सुट्टी काढली आणि साताऱ्याहून एसटीनं थेट स्टँडवर उतरलो. काकांची गाडी रांगेत शेवटी होती. मी डावीकडचं दार उघडून आत बसलो आणि म्हणालो, "काका, चुकलो." ते समोर बघत राहिले. "काका, चुकलो!" तरीही तसेच. मग शांतपणे म्हणाले, "तिकडनं मला ऐकू येत न्हाई. खाली उतर. हिकडनं बोल."

मी वळसा घालून त्यांच्या खिडकीशी गेलो. सगळा स्टँड बघत होता. पलीकडं आबा उभे होते, कपाळावर टाक्यांचे वण. मी ओरडून म्हणालो, "आबांनी तुमाला टामीनं मारलं. तुमची चूक नव्हती. म्या डोळ्यानं बघितलं आणि खोटं लिवलं."

काका उतरले आणि खाडकन माझ्या कानाखाली वाजवली. मी बॉनेटवर आपटलो, ओठ फुटला. आबा जागचे हलले नाहीत. काका माझी कॉलर धरून म्हणाले, "आता ह्ये लिव."

लिहिलंय, काका. उशिरा, पण आपल्या भाषेत, म्हणजे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. तिकडं माझ्यासाठी रडणारी माणसं पुष्कळ होती, पण खोटं बोललो म्हणून कानाखाली द्यायला कुणी नव्हतं. घर कुठं आहे असं आता कुणी विचारलं की मला त्या स्टँडची आठवण येते.

परत निघालो त्या सकाळी आबांनी नेहमीप्रमाणं गाडी मागं घेतली. पहिली जागा मोकळी होती आणि मी बॅग घेऊन तिथं उभा होतो. उन्हं वर आली. आई म्हणाली, "आवं, इमान चुकंल." आबा म्हणाले, "नंबर त्याचा हाय." बऱ्याच वेळानं शेवटून काकांची गाडी निघाली आणि माझ्यापुढं येऊन थांबली. मी सवयीनं पुढच्या दाराला हात घातला.

"मागं बस," काका म्हणाले.

मी मागं बसलो.