इंजिन चालू, दिवा बंद

अन्याय माझ्या अप्पांवर झाला. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, पहाटे पाच चाळीसला, तारिहाळच्या अलीकडे चालत्या मोटरसायकलचा दिवा विझला आणि ते रस्त्याकडेच्या चरात गेले. दुसरा अन्याय त्याच दिवशी साडेदहाला जुन्या हुबळीतल्या आमच्या घरात झाला, आणि तो मी केला. अप्पा खुर्चीत बसले होते. गुडघा फुटलेला, डाव्या तळहाताची सालटी निघालेली. मी त्यांना म्हणाले, "दिवा असा मध्येच कसा विझेल अप्पा? डुलकी लागली असेल तुम्हाला."

ते म्हणाले, "इंजिन चालू होतं. दिवा गेला. समोर काहीच नव्हतं. मग मागून टँकर आला."

एवढंच. अप्पा तारिहाळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. किती नट आले आणि किती गेले, एवढंच बोलायची त्यांना सवय. वाढवून सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. हे मला माहीत होतं आणि तरीही मी डुलकी म्हणाले. कारण चरातून गाडी वर काढून त्यांनी किक मारली तेव्हा दिवा लागला होता. घरी आल्यावर मी चावी फिरवली तेव्हाही लागला, लख्ख. गाडीने साक्ष दिली आणि माणूस खोटा ठरला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं गॅरेज आहे त्या अण्णांकडे मी गाडी नेली. गेली वीस वर्षं ही गाडी तेच बघतात. त्यांनी इंजिन चालू केलं, बाजूचं झाकण काढलं आणि चालत्या इंजिनावर बॅटरीची एक वायर उपसून हातात धरली. इंजिन चालूच राहिलं.

"नोड्री अक्का, बघा, बंद पडलं का? नाही ना. म्हणजे चार्जिंग छलो ऐति. चांगलं आहे सगळं." वायर परत बसवत ते म्हणाले, "बॅटरी थोडी उतरली होती, ती रात्रभर चार्जला लावतो. गाडीला काय धाड भरली नाही. अप्पांना सांगा, पहाटे चहा घेऊन निघा."

हुबळीत अर्धी गॅरेजं चार्जिंग असंच तपासतात. त्यांच्या गुरूने तसं शिकवलं, त्याच्या गुरूने तसं. मीही मान डोलावली.

आता माझं सांगते. आमचा चार-पाच जणांचा गट आहे. बायपासला दिवे लावा, कडेला चालायला जागा द्या, म्हणून आम्ही पत्रकं काढतो आणि कारखान्यांच्या गेटवर वाटतो. त्या आठवड्याच्या पत्रकात मी लिहिलं, "रस्त्यावर उजेड नाही म्हणून एक कामगार चरात पडला." शब्द जाड ठशात. अप्पांनी तसं सांगितलं नव्हतं. त्यांनी गाडीचा दिवा गेला म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या बोलण्यातला मला उपयोगी होता तेवढा भाग मी छापला आणि उरलेल्याला घरात डुलकी म्हणाले. पत्रक वाचून अप्पांनी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आई त्यांना घेऊन गेली. मोतीबिंदूची सुरुवात आहे, इतक्यात काही करायला नको, असं तिथे सांगितलं. झालं. आईला तेवढं पुरलं. रात्री भाकरी थापताना ती मला हळूच म्हणाली, "चावी तुझ्याकडे ठेव बाई. मी मागितली तर चिडतील." निवृत्तीला अप्पांची चार वर्षं राहिली होती. पहिली पाळी सहाची. त्या वेळेला तारिहाळला जाणारी बस नाही. चावी काढून घेणं म्हणजे नोकरी काढून घेणं, हे आम्हा दोघींना कळत होतं, आणि न घेणं म्हणजे काय तेही कळत होतं.

मी चावी घेतली नाही. धीर झाला नाही म्हणा.

दहा दिवसांनी अप्पा पुन्हा कामाला जाऊ लागले. पाच वीसला ते गाडी दारातून ढकलत बाहेर न्यायचे, आम्हाला जाग येऊ नये म्हणून कोपऱ्यावर जाऊन किक मारायचे. मी जागीच असायची. पांघरुणात, मोबाईल छातीवर ठेवून. किकचा आवाज, मग इंजिन, मग इंजिन लांब जाणं. त्यानंतर पंचवीस मिनिटं काहीच नाही. गेटवर पोचले की ते मिस्ड कॉल द्यायचे. त्या पंचवीस मिनिटांत मी टँकर ऐकायची. आमच्या गल्लीत टँकर येत नाही, तरी ऐकायची.

पाचव्या दिवशी कॉल आला नाही. सहा वाजले. आई उठून चूल पेटवायला गेली, म्हणजे गॅसच, पण आमच्याकडे अजून चूलच म्हणतात. मी तिला काही बोलले नाही. सहा दहा. मी चपला घातल्या. कुठे जाणार होते देव जाणे. सहा चाळीसला फोन वाजला, आणि मिस्ड कॉल नव्हता, पुरा कॉल होता.

"पोचलो," अप्पा म्हणाले.

"उशीर का झाला?"

"तू लिहून घेणार असशील तर सांगतो."

मी पेन उचललं.

"परत गेला दिवा. त्याच टप्प्यात. या खेपेला हळू होतो, कडेला घेतली. उजाडेपर्यंत तिथंच उभा राहिलो. तुझ्या आईला सांगू नको."

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचं खरं वाटलं, आणि भीती कमी झाली नाही, दुप्पट झाली. डुलकीला निदान चहा हा उपाय होता.

दुपारी मी दाजीबानपेठेत गेले आणि कापडाच्या दुकानांमागच्या बोळातून व्होल्ट मोजायचा एक साधा मल्टिमीटर आणला. दोन रात्री मोबाईलवर बघून शिकले. गोष्ट अवघड नाही, फक्त कुणी करत नाही. इंजिन बंद असताना निरोगी बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडा वेग दिला की आकडा चढून साडेतेरा-चौदाच्या वर गेला पाहिजे. चढला तर इंजिन बॅटरीला भरवतंय. चढला नाही तर बॅटरी नुसती रिकामी होतेय, आणि गाडी तुम्हाला तसं कधीच सांगत नाही.

रविवारी दारात गाडी उभी केली. बंद असताना बारा पॉइंट चार. चालू केली, बारा पॉइंट चार. वेग दिला, तेवढेच. दिवा लावला तर अकरा पॉइंट नऊ. अप्पा स्टुलावर बसून बघत होते.

"मीटर नवा आहे, चुकत असेल," मी म्हणाले.

"आता मीटरला पण डुलकी लागली का?" अप्पा म्हणाले.

मला दारात उभं राहणं अवघड झालं.

पण दिवा तर लागलेलाच होता. अकरा पॉइंट नऊवरही पांढरा फटफटीत. तो विझताना बघितल्याशिवाय आईला पटणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मी निघाले. बॅटरीच्या दोन टोकांना वायरी बांधून झाकणाखालून बाहेर काढल्या आणि मीटर अप्पांच्या हातात दिला. गाडी मी चालवायची, मागे बसून आकडे त्यांनी वाचायचे.

धुकं होतं. गावातले दिवे संपले आणि समोर फक्त आमच्या दिव्याचा पांढरा पट्टा उरला. मागून अप्पांचा आवाज येत होता, स्टोअरमध्ये माल मोजावा तसा. "अकरा पॉइंट सात." थोड्या वेळाने, "अकरा पॉइंट पाच." उजव्या अंगाने ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने हँडल हललं. "अकरा पॉइंट दोन. हळू घे." मी हळू घेतली नाही, मागे काहीतरी येत होतं, हळू घ्यायची भीती वाटली. "अकरा." दिवा तसाच लख्ख. मंदावला असता, पिवळा पडला असता, तर माणूस सावध झाला असता. "दहा पॉइंट आठ," अप्पा म्हणाले आणि रस्ता गेला.

रस्ताच गेला. इंजिन फिरत होतं, चाकं फिरत होती, खाली डांबर होतं एवढं कळत होतं, आणि डोळ्यांसमोर काही नाही. मी ओरडलेसुद्धा नाही. ब्रेक दाबायचा की नाही हे कळेना, कारण मागचा दिवाही गेला असणार, आणि मागून येणाऱ्याच्या लेखी आम्ही नव्हतोच. अप्पांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि डावीकडे हलकं दाबलं. "इकडे. इकडेच. अजून. आता थांब." त्यांना तो रस्ता पाठ होता. चाक मातीत उतरलं आणि मागून गाडी सूं करून गेली. हॉर्न वाजवला नाही तिने. कशासाठी वाजवेल, तिला कुणी दिसलंच नव्हतं.

मी खाली बसले. चावी फिरवून इंजिन अप्पांनी बंद केलं. दोन मिनिटं गेली, त्यांनी पुन्हा चालू केली, आणि दिवा लागला. जसं काही घडलंच नव्हतं. बॅटरीला जरा विसावा मिळाला की तेवढ्यापुरता जीव येतो. सगळ्यांनी त्याच साक्षीवर त्यांना खोटं ठरवलं होतं.

"बारा पॉइंट एक," अप्पांनी मीटर वाचला. "घे. लिहून घे."

त्या दिवशी आम्ही उजाडेपर्यंत तिथे उभे होतो.

अण्णांच्या गॅरेजात मीटर घेऊन गेले तेव्हा मी भांडायलाच गेले होते. त्यांनी आकडे दोनदा बघितले. मग चिडले. मग म्हणाले, "वायर काढली तेव्हा इंजिन चालू होतं की अक्का. तुम्हीच बघितलं."

मी त्यांना जे शिकले ते सांगितलं. या जुन्या गाडीत ठिणगीला लागणारी वीज इंजिनमधल्या वेगळ्या कॉइलमधून येते. बॅटरी काढून खिशात घातली तरी इंजिन फिरत राहील. म्हणजे ती परीक्षा नव्हतीच. उलट चालत्या इंजिनावर बॅटरी सोडवली की विजेचा झटका रेग्युलेटरला बसतो. रेग्युलेटर म्हणजे दुसऱ्या, चार्जिंगच्या कॉइलची वीज बॅटरीच्या मापाची करून देणारा डबा.

"वीस वर्षं काढतोय," अण्णा म्हणाले.

"मग वीस वर्षांत किती रेग्युलेटर बदलले?"

ते हसले, पण फार नाही. मग आम्ही दोघांनी तपासलं. चार्जिंगच्या कॉइलची वायर सोडवून बघितली तर वेगाबरोबर तिथला आकडा चढत होता, म्हणजे कॉइल जिवंत. रेग्युलेटरमधून पुढे काहीच येत नव्हतं. नवा बसवला आणि मीटर चौदा पॉइंट एकवर गेला. जुना अण्णांच्या झटक्याने गेला की आधीच गेला होता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. सांगता आलं असतं तर छापलं असतं.

मग अण्णांनी हेडलाईटमागच्या वायरी बोटाने उचलल्या आणि विचारलं, "पण हा दिवा बॅटरीवर कुणी घ्यायला लावला?"

मी. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजेला काढायच्या आदल्या दिवशी, मीच. मूळचा दिवा थेट कॉइलवर चालायचा. हळू गेलं की मिणमिणायचा, वेग घेतला की उजळायचा, पण इंजिन फिरतंय तोवर विझायचा नाही. मला तो मिणमिणता दिवा अपमान वाटायचा. मी पांढरा एलईडी आणला, अण्णांना सांगून बॅटरीवर जोडून घेतला. तो शेवटपर्यंत लख्ख राहतो आणि बॅटरी ठरावीक आकड्याखाली गेली की एकदम बंद होतो. जुना दिवा असता तर रेग्युलेटर जाऊनही अप्पांना मिणमिणता का होईना रस्ता दिसला असता. हे मी त्या संध्याकाळी जेवताना आईसमोर सांगितलं. आईचा घास हातात राहिला.

अप्पा म्हणाले, "आमटी वाढ."

दिवा आता परत कॉइलवर आहे. पुढच्या पत्रकात मी आधीचं वाक्य चुकीचं होतं असं लिहिलं आणि खाली मीटर कसा लावायचा ते लिहिलं. गटातल्या दोघांना ते आवडलं नाही. आपण सरकारकडे मागायचं सोडून लोकांना पाने-पकडी हातात घ्यायला सांगतोय, असं म्हणाले. मी सांगितलं, रस्त्यावर दिवे मागणं मी सोडलेलं नाही, पण माझे अप्पा उद्या पाच वीसला निघणार आहेत. भीती गेली असं मात्र समजू नका. कॉल येईपर्यंत मी अजून जागी असते.

तुमच्याही घरातून कुणीतरी अंधारात जुन्या गाडीवर निघत असेल. भाऊ, बाप, नवरा, कामावर जाणारी बहीण. आज संध्याकाळी त्यांची गाडी दारात उभी करा. इंजिन चालू करा, दिवा लावा, वेग द्या आणि बॅटरीवर मीटर धरा. मीटर नसेल तर मागून आणा. वायर उपसून दाखवणाऱ्या कुणालाही गाडीला हात लावू देऊ नका. आकडा चढला नाही, तर दुरुस्त होईपर्यंत त्यांना अंधारात निघू देऊ नका, भांडा, पण निघू देऊ नका. आणि ते दिवा गेला म्हणाले, तर आधी त्यांचं खरं धरा.