सीटमागची मोटर

विमानाचं नाक खाली गेलं आणि वर येईना. भाऊजींनी दोन्ही हातांनी दांडा पोटाशी ओढून धरला होता, मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. समोर आभाळ उरलंच नव्हतं. जुहूचं पाणी होतं आणि ते मोठं मोठं होत चाललं होतं. मी शेजारच्या सीटवर. पदर वाऱ्याने तोंडावर आलेला. "वहिनी, मागे हात घाला! मोटर! आधी वायर उपटा!" ते ओरडले. मी पदर दातांत धरला आणि मागे वळले.

हे भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, वसंत. काही आठवड्यांपूर्वी काळाचौकीच्या आमच्या खोलीत गेले. म्हातारे होऊन, अंथरुणात, सकाळचा चहा अर्धा टाकून. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे शेवटची वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, सुटले बिचारे. मीही सुटले, हे कोणी बोललं नाही... थकले आहे मी. पण त्यांच्या विमानाबद्दल लोक काहीबाही सांगत असतात, म्हणून खरं काय ते लिहिते. चौथीपर्यंतच शिकले आहे. जमेल तसं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती ते दिवस. माझे यजमान गिरणीतून सुटले की मोर्चात, आणि त्यांचा भाऊ चिंचपोकळीला दाजी मेस्त्रींच्या सुतारशेडमध्ये. भाऊजी जुहूला विमानांच्या दुरुस्तीचं काम करायचे, तिथेच उडवायलाही शिकले होते. त्यांना स्वतःचं, दोन माणसांचं लाकडी विमान हवं होतं. सासूबाई म्हणायच्या, "एक जण मुंबई आणायला निघालाय, दुसरा मुंबई सोडून वर चाललाय. जेवायला कोणीच नाही घरी." पंखांचं आणि शेपटीचं कापड मी शिवलं. मेणाचा दोरा, लांब सुई, सांगाड्याच्या प्रत्येक पट्टीला टाके. वर रोगण चढवलं की कापड ढोलकीसारखं ताणून बसायचं. त्या वासाने डोकं उठायचं. बाहेर घोषणा चालायच्या, कधी संचारबंदी लागायची, मग शेडमध्येच डाळभात शिजवायचा आणि शिवत बसायचं.

सगळं अडलं ते एका मोटरवर. विमानाच्या शेपटीला आडवी हलती फळी असते, तिने नाक वर-खाली होतं. ती सारखी धरून हात भरून येतो, म्हणून तिच्या कडेला एक वीतभर पट्टी असते. ती पट्टी वाकवून ठेवली की फळी आपोआप जागेवर राहते. पट्टी हलवायला भाऊजींनी चोरबाजारातून लढाईच्या विमानातली एक छोटी मोटर आणली होती. ती बसवायची कुठे? दाजी मेस्त्री मालवणचे. ते म्हणाले, "शेपटीत बसव रे मेल्या. पट्टीच्या बाजूकच. माका दोन फळ्ये मारूचे, झाला काम." भाऊजींनाही ते पटत होतं. जवळून जोडलं की ढिलाई राहत नाही. पण वजन पार मागे जात होतं, याची त्यांना धाकधूक. रोज संध्याकाळी दोघांचा तोच वाद. मी कंटाळले.

"शेपटीत घाला नाहीतर डोक्यावर घाला," मी म्हटलं. "पण कापड एकदा शिवलं की मी परत उसवून देणार नाही. मोटर बिघडली तर कुठून हात घालाल?"

"खिडकी ठेवू की छोटी, वहिनी."

"कापडाला भोक पाडायचं नाही. माझे टाके आहेत."

दाजी हसले. "बाई आयकाची नाय. घे पुढे."

मग मोटर आली सीटच्या मागे, दोघांच्या मधोमध, हात जाईल अशी. तिथून शेपटीपर्यंत पट्टी हलवणाऱ्या तारा ओढाव्या लागल्या, त्यात भाऊजींचे आणखी कितीतरी रविवार गेले. माझ्यावर चिडून होते ते. मी काही विमानाचा विचार करून बोलले नव्हते. मला पुन्हा शिवायचं नव्हतं, एवढंच.

भाऊजी एकटे दोन-तीनदा उडून आले. मग दसरा आला. सासूबाई जुहूला आल्या, विमानाची पूजा केली. हार घातला, आत वाकून प्रत्येक बटणाला, काट्याला हळदकुंकू लावलं, वरून नारळाचं पाणी शिंपडलं. भाऊजी हात जोडून उभे. यंत्राची पूजा नको, असं आमच्यात कोण म्हणणार? मग त्यांनी विचारलं, "वहिनी, बसता?" पंख मी शिवले होते. बसले.

वर गेल्यावर त्यांनी नाक जरा खाली करायला मोटरचं बटण दाबलं. सोडलं. बटण वर आलंच नाही. मोटर फिरतच राहिली...

मी वायर उपटली. घरघर थांबली, पण नाक खालीच. "आता चकती फिरवा! उलटी!"

"कुठल्या बाजूने उलटी?"

"शिवणयंत्राचं चाक आपल्याकडे फिरवता ना, तसं!"

मोटरच्या मागे पितळी चकती होती. फिरवली. बोटांची सालटी निघाली, फिरवत राहिले. हळूहळू पाणी खाली सरकलं आणि आभाळ दिसलं. उतरताना एक चाक मोडलं. खाली आल्यावर भाऊजींनी नखाने बटणाच्या खाचेतून ओलं कुंकू काढलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, "आईला सांगू नका." नाही सांगितलं. विमान नंतर पडून राहिलं, लाकूड दाजींनी नेलं. शेपटीत मोटर असती तर काय झालं असतं, हे आम्ही दोघं कधीही बोललो नाही.

पण पुढे दर दसऱ्याला, मग स्कूटर असो, शिवणयंत्र असो की मिक्सर, पूजेच्या वेळी भाऊजी येऊन बटणावर वाटी पालथी घालायचे. सुना हसायच्या. "काका, वाटीला कुंकू लावू का?" "लाव," म्हणायचे आणि वाटी धरून उभे राहायचे. यंदा ते गेल्यानंतरचा पहिला दसरा. सुनेने ताट आणलं, तेव्हा वाटी मी घातली. तिने विचारलं, हे काय असतं हो नेमकं?

बटणात ओलं कुंकू जाऊ नये म्हणून, म्हटलं. त्या दिवशी विमानात आम्ही दोघं होतो. दोघंही वाचलो.