आंब्याखालची दहावी

आमच्या निरोप समारंभाला व्यासपीठ नव्हतं. शाळेच्या पटांगणात आंब्याचं जुनं झाड आहे, त्याच्या बुंध्याजवळ एक टेबल मांडलं होतं आणि त्यावर कुणाच्या तरी घरून आणलेली फुलाफुलांची चादर घातली होती. आम्ही सतरंज्यांवर बसलो होतो. शाळेला हॉल होता, पण त्या वर्षी आत बसायची कुणाची हिंमत नव्हती.

२०१८च्या दिवाळीनंतर आमच्या तलासरी-डहाणूकडची जमीन हलायला लागली होती. आधी आवाज यायचा, खाणीत सुरुंग उडवल्यासारखा, पण थेट पायाखालून. मग फळीवरची भांडी वाजायची, कोंबड्या ओरडायच्या आणि आम्ही घराबाहेर पळायचो. पुढे पुढे लोक घरात शिरायचे ते फक्त स्वयंपाकापुरते. पाड्यापाड्यावर ताडपत्र्या आणि तंबू उभे राहिले. शाळाही बाहेर आली. दहावीचा वर्ग आंब्याखाली बसू लागला.

फळा झाडाला टेकवून ठेवलेला असायचा. धक्का बसला की तो घसरायचा. मग बाई म्हणायच्या, "फळा धरा रे!" आणि पुढची दोन मुलं झडप घालायची. जमीन थांबली की बाई खडू उचलून विचारायच्या, "हं, कुठे होतो आपण?" त्यांच्या आवाजात भीती नसायची, म्हणून आम्हालाही कमी वाटायची.

बाई साताऱ्याकडच्या. आम्ही आठवीत गेलो त्याच वर्षी त्या आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाऊन आलात?" कुणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "नागली." बाईंना कळेना. नागली म्हणजे त्यांची नाचणी, हे समजेपर्यंत तास संपत आला. आम्हाला वाटलं, आता रागावतील. त्यांनी मात्र फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाल्या, "आजपासून तुम्ही मला तुमचा एक शब्द शिकवायचा, मी तुम्हाला पुस्तकातला." त्या दिवसापासून आम्ही वर्गात तोंड उघडायला लागलो.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी मात्र तरीही गप्प असायची. शेजारच्या पाड्यावरची. तिचं अक्षर सुंदर होतं आणि भूमिती पक्की. पण उत्तर येत असलं तरी ती ते माझ्या कानात सांगायची. मी मोठ्याने म्हणायचे आणि शाबासकी मला मिळायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही. गालात हसायची.

जानेवारीत एका सकाळी तिच्या घराची भिंत पडली. सगळे बाहेर होते म्हणून वाचले. तिचे वडील दरवर्षी हंगामात घोलवडच्या चिकूच्या वाडीत कामाला जायचे. या वेळी ते सगळं कुटुंब घेऊन गेले. आंब्याखाली माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

एका शनिवारी बाईंनी मला बाजूला बोलावलं. "उद्या घोलवडला जाऊ. तू येशील ना? तू बरोबर असलीस तर ती बोलेल."

टमटम बदलत बदलत आम्ही पोचलो. वाडीत गारवा होता. झाडांखाली खोके रचून ठेवले होते आणि चार-पाच बाया बसून चिकू निवडत होत्या. त्यांच्यात ती होती. आम्हाला पाहून ती उठली आणि तिने हात पाठीमागे लपवले.

तिचे वडील आले. त्यांनी बाईंसाठी खोका उलटा करून दिला.

"बाई, पोरीने शिकावं असं मला पण वाटतं," ते म्हणाले. "पण घर नाय. तिला एकटीला तिकडे कुठे ठेवू?"

"माझ्या खोलीवर राहील."

"तुमच्या खोलीला पण चीर पडली म्हणतात."

ते खरं होतं. त्यांच्या घरचे रोज फोन करून बदली घे म्हणत होते, हेही आम्हाला ठाऊक होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे राहील ती. आम्हाला तंबू मिळालाय."

तिचे वडील माझ्याकडे बघून हसले. "आईला विचारलंस?"

"नाय."

बाईंनी लगेच पर्समधून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. मी बाबांचा नंबर लावला, त्यांनी फोन आईकडे दिला. मी घाईघाईत सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "यात विचारायचं काय? तिला म्हणावं, गोधडी घेऊन ये. थंडी आहे."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. तिच्या वडिलांनी मान डोलावली. मग मुलीला म्हणाले, "जा, हात धू."

बाईंनी मात्र ती हात धुवायला जायच्या आधीच पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले. चिकूच्या चिकाने ते काळपट, चिकट झाले होते. बाईंनी ते बराच वेळ सोडले नाहीत.

ती आमच्याकडे परीक्षेपर्यंत राहिली. सकाळी माझ्या आधी उठून आईबरोबर चूल पेटवायची. शाळा सुटली की आम्ही तंबूबाहेर काडीने मातीत वर्तुळं काढायचो आणि ती मला प्रमेयं समजावायची. आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची. "ही तुझ्यापेक्षा बरी शिकवते," असं तिने दोघींच्या देखत सांगून टाकलं. तंबूत ती अखंड बडबडायची. इतकं बोलणं तिच्यात कुठे साठलं होतं, कोण जाणे.

निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी सांगितलं की प्रत्येकाने शाळेबद्दल दोन शब्द बोलायचे. मुलांनी खो-खोत हरलेले सामने सांगितले. एकीने नववीची डहाणूच्या समुद्रावरची सहल सांगितली. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा पहिल्यांदा समुद्र बघितला होता, एवढ्या जवळ राहून. बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशीने आम्हाला हंड्यातलं पाणी दिलं होतं आणि विचारलं होतं, "कुठली रे पोरं तुम्ही, समुद्राला एवढं घाबरता?"

मग माझ्या मैत्रिणीचं नाव पुकारलं. मला वाटलं, ती मान हलवून खालीच बसेल. पण ती उठली, टेबलाजवळ गेली.

"आठवीत मला वाटायचं, आपली बोली म्हणजे चूक आहे," ती म्हणाली. "बाईंनी ती फळ्यावर लिहिली. आणि घोलवडला..."

तेवढ्यात तो आवाज आला. जमीन हलली, टेबलावरचे ग्लास किणकिणले. सगळे जागच्या जागी थिजले. तिने एका हाताने टेबल धरलं, दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या. थांबल्यावर तिने बाईंकडे पाहिलं आणि त्यांच्याच सुरात विचारलं, "हं, कुठे होतो आपण?"

सगळं पटांगण हसलं. मुख्याध्यापकही.

"घोलवडला बाई आल्या तेव्हा मला लाज वाटत होती," ती पुढे म्हणाली. "माझे हात घाण होते. बाईंनी तेच हात धरले. मला भाषण येत नाही. मला एवढंच सांगायचं होतं."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग नाक ओढत म्हणाल्या, "बस खाली आता. उद्यापासून बीजगणिताची उजळणी आहे, विसरू नका."

आम्ही दोघी पास झालो. तिला माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण मिळाले आणि आईला त्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. गुणपत्रिका घ्यायला तिचे वडील घोलवडहून आले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. उभ्या उभ्याच बाईंना म्हणाले, "हिला पुढे कुठे घालू, ते तुम्हीच सांगा."

आता आम्ही दोघी अकरावीला डहाणूला आहोत आणि तिथल्याच मसोली भागात एका खोलीत राहतो. ती विज्ञान शाखेला, मी कलेला. बाईंनी बदली घेतली नाही. मागच्या महिन्यात आम्ही शाळेत गेलो तेव्हा वर्ग पुन्हा आत भरू लागले होते आणि त्या नव्या आठवीवर होत्या. आम्हाला दारात बघून त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं. पहिल्या बाकावरची एक लहानशी मुलगी उभी राहून त्यांना आपल्या बोलीतला कुठलातरी शब्द समजावत होती आणि बाई मन लावून ऐकत होत्या.