पाणी न मागणारी बाग

तिला सगळे खुरपी म्हणायचे. ती जिथून रोपं घ्यायची, त्या नर्सरीच्या मालकीणबाईंनी ठेवलेलं नाव. अंगाने एवढीशी आणि जिभेला धार. तिला ते नाव आवडायचं. तिच्याबद्दल 'होती' लिहायला माझा हात अजून तयार होत नाही.

ती बागा आखायची. लोकांच्या गच्च्या, बंगल्यांपुढच्या पट्ट्या, एका बँकेचं अंगण. माझ्या घरमालकांच्या गच्चीचं काम तिच्याकडे होतं. मी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. पहिल्याच दिवशी दार वाजवून म्हणाली, "चहा मिळेल का? मालकांनी विचारलं नाही, आणि तुझ्या खिडकीतून वास येतोय." मैत्री तिथून.

तिचे वडील पाणीपुरवठ्यात होते. भल्या पहाटे सायकलवर लांब लोखंडी चावी घेऊन निघायचे आणि एकेका भागाचं पाणी सोडायचे. आई लवकर गेली. बापलेकींनी एकमेकांना सांभाळलं, भांडत भांडत.

तिच्या पहिल्या आजारपणात मी सोबतीला जायचे. केमोची वाट बघणारी माणसं वॉर्डाच्या जिन्यात बसलेली असत. जाणारा-येणारा त्यांच्या डोक्यांकडे बघायचा. कुणी थांबून विचारायचा, कुठला आहे, कितवी स्टेज. खुरपी म्हणाली, "साधं रडायचं म्हटलं तर इथे रांग आहे."

वॉर्डामागे एक आवार होतं. मोडक्या खाटा, तुटलेली कपाटं, नळ नाही. बरी झाल्यावर ती मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागली, तिथे पेशंटांना बसायला बाग करू द्या म्हणून. ते म्हणाले, "जागा देतो. पण पाणी मागायचं नाही, माळी मागायचा नाही. आधी कुठेतरी करून दाखवा. आमच्या सिस्टरांना पटलं, तर बघू."

शहरात दरवर्षी बागांचं प्रदर्शन भरतं. तिथे नमुन्याच्या बागेसाठी जागा देतात. तिने ती मिळवली. आजार परत आला होता, हे तेव्हा फक्त तिला माहीत होतं.

तिची बाग इतरांसारखी नव्हती. वासाचं एकही झाड नाही. "केमोत मला मोगऱ्याने ओकारी यायची," ती म्हणाली. काटा नाही, कारण कातडी जराशाने फाटते. वाटेवर खडी नाही, सपाट फरशा. सलाईनच्या स्टँडची चाकं खडीत रुततात. बाकाला दोन्ही बाजूंनी हात, धरून उठायला. मी विचारलं, "एखादं कारंजं?"

"सलाईन लावलेल्या माणसाला पाण्याचा आवाज ऐकवतेस? बाथरूम लांब आहे, बाई."

बाकी राखाडी पानांची झुडपं, जाड पानांची बुटकी झाडं, वाऱ्याला झुकणारं गवत. पावसावर जगतील अशी. ती तिने वडिलांच्या परसात कुंड्यांतून वाढवली, पाणी तोडत तोडत. झाडांना सवय लावावी लागते, म्हणायची.

प्रदर्शन तोंडावर आलं आणि तिला ताप भरला. दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना वडिलांना दहा वेळा बजावलं, "बाबा, पाणी घालायचं नाही. सुकल्यासारखी दिसली तरी नाही."

ती परत आली तेव्हा मी तिला धरून परसात नेलं. एक जाड पानांचं झाड तिने नुसतं धरलं, तर ते हातात आलं. खाली मूळ नव्हतं, काळा चिखल होता. दुसरं तसंच. तिसरंही. निम्म्याहून जास्त बाग कुजली होती.

तिचे वडील, मी त्यांना काका म्हणायचे, पायरीवर बसले होते. वर बघत नव्हते.

"बाबा, घातलंस ना?"

"तोंडं उतरली होती गं त्यांची. तू तिकडे, इकडे हे असं ऊन. मी नुसता बघत बसू?"

"हो. तेच काम दिलं होतं तुला."

"नाही जमलं."

मला वाटलं, आता ती तोडून बोलणार. तशी ती कुणाला सोडायची नाही. ती त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "शहराला पाणी सोडायचास तेव्हा लोक शिव्या द्यायचे, कमी सोडतो म्हणून. इथे बरा हात सुटला तुझा." काका हसायला गेले आणि ओंजळीत तोंड घालून रडले.

नवी झाडं तयार करायला वेळ नव्हता, तिच्याकडे तर नव्हताच. प्रदर्शनाच्या जागेत उरलेली तिने कडेला लावली. मधली जागा रिकामी ठेवली आणि तिथे फरशा वाढवल्या. पाटी लिहायचं काम माझ्याकडे, साहित्य शिकलेली म्हणून. मी दहा ओळी लिहिल्या. तिने सगळ्या खोडून एकच शब्द ठेवला: 'बसा.'

परीक्षक आले. त्यातले एक म्हणाले, "अपुरी वाटते." ती म्हणाली, "आहेच." बक्षीस शेजारच्या गुलाबांना मिळालं. तिला फिकीर नव्हती. ती रोज सिस्टरांची वाट बघायची.

सिस्टर शेवटच्या दिवशी आल्या, ड्यूटी संपवून. तोवर खुरपी चाकाच्या खुर्चीत होती. सिस्टरांनी खुर्ची ढकलत बागेतून एक फेरी मारली, बाकाचा हात दाबून बघितला, पानं हुंगली.

"चाकं अडकत नाहीत. वासही नाही," त्या म्हणाल्या. "न्या आमच्याकडे. डॉक्टरांना मी बघते."

खुरपीने माझा हात धरला. "लवकर न्या," एवढंच म्हणाली.

आम्ही लवकर नेऊ शकलो नाही. आवार रिकामं व्हायला वेळ लागला. तेवढ्यात ती गेली.

फरशा काकांनी स्वतः बसवल्या. झाडं आम्ही दोघांनी लावली. काम संपलं त्या दुपारी सिस्टरांनी मागचं दार उघडलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई आली, स्टँड ढकलत. आम्ही भिंतीच्या आडोशाला उभे होतो. ती बाकावर बसली, झाडांकडे पाठ करून.

"बघत पण नाही ती," काका म्हणाले.

"रोज जिन्यात तोंड लपवून बसायची," सिस्टर म्हणाल्या.

काका घुटमळले. "तिला सांगू का? माझ्या मुलीने केलीये म्हणून?"

"सांगा की."

ते हळूहळू तिच्यापर्यंत गेले. समोर जरा उभे राहिले. मग तसेच परत आले.

"झोपली आहे ती," ते म्हणाले.

आम्ही तिघं आवाज न करता आत आलो.