दोन बेटांवरची एक तलवार

हे लिहायला घेतलं याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि ज्या तलवारीबद्दल सांगणार आहे ती मी फक्त चित्रात पाहिली आहे.

हिंगोलीच्या कॉलेजात इतिहासाच्या सरांनी मला आणि माझ्या मित्राला एकच विषय दिला होता. बोर्निओचे इबान आणि सुमात्राचे बाटक, या दोन्ही लोकांकडे आढळणारी किंचित वाकड्या पात्याची तलवार. दोघांनी वर्गात वेगवेगळं बोलायचं आणि त्यातून एकालाच नांदेडला विद्यापीठात बोलायला पाठवणार होते. मला जायचं होतं. त्याआधी कशाची एवढी ओढ लागल्याचं आठवत नाही.

मित्र हिंगोलीचाच. वडील पुजारी, घरात पुस्तकांचं कपाट. तो बोलायला उभा राहिला की वर्ग ऐकायचा. मी उभा राहिलो की सर म्हणायचे, "मोठ्यानं बोल." त्याचं अक्षर, त्याचा डबा, सगळंच मला खुपायचं.

माझ्या चुलतभावाच्या लग्नाला तो आमच्या बाजूच्या गोरेगावपर्यंत एसटीनं आणि तिथून जीपनं आमच्या गावी आला. आमच्याकडे नवरदेवाच्या हाती द्यायची तलवार अख्ख्या गावात एकच आहे. टोकाला लिंबू खोचतात. लग्न झालं की ती त्याच घरात राहते आणि पुढचं लग्न ज्यांच्याकडे निघेल ते येऊन घेऊन जातात. मित्रानं माझ्या काकूला विचारलं, "काकू, ही मूळची कुणाची?"

"ज्याच्या घरी लगीन त्याची," काकू म्हणाली. "काहून, तुमाला पायजे व्हय? आधी पोरगी तर बघा."

सगळे हसले, तोही हसला. माझ्याच गावात लोक त्याच्याभोवती जमले, हे मला सहन होईना.

वर्गात मी आधी बोललो. तलवार आधी इबानांची की बाटकांची, हेच मी बांधाच्या भांडणासारखं ताणत बसलो. ते काही ठरलं नाही. मग तो उठला. "माझ्या मित्राच्या गावात एक तलवार आहे," अशी त्यानं सुरुवात केली. काकूचं बोलणं तिच्याच बोलीत सांगितलं. वर्ग हसला, आणि इबान-बाटकांची तलवारही ज्याच्या हाती त्याचीच, असं तो म्हणाला तेव्हा कान देऊन ऐकत राहिला.

सरांनी मला विचारलं, "गाव तुझं. मग हे तू का नाही सांगितलंस?"

"सर, मला वाटलं, असलं विद्यापीठात चालत नसेल."

निकालाआधी सुट्टी लागली. घरी हळद उकडायचं काम चालू होतं. गावात रेंज नाही, म्हणून मी संध्याकाळी गोरेगावला जाऊन फोन बघायचो. सरांना मित्राचं बोलणं आठवूच नये, असंही मनात येऊन जायचं.

शेवटी त्याचाच फोन आला. शेजारी जीपवाला सेनगाव, सेनगाव ओरडत होता, त्यामुळे मित्राला दोनदा सांगावं लागलं. सरांनी नांदेडसाठी त्याचं नाव दिलं होतं.